एका सम्राटाची थकबाकी

निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, तरी वर्तमानपत्र हातात घेतले की नजर आधी बँकांच्या बातम्यांकडे जाते. व्याजदर किती झाले, कुठे घोटाळा उघडकीस आला, कोण कर्ज बुडवून परदेशी पळाला, हे सगळे मी अजूनही शाखेतल्या खुर्चीत बसल्यासारखा वाचतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अशीच एक बातमी वाचली आणि समोरचा चहा तसाच राहिला. बँको दो ब्राझील या ब्राझीलमधल्या मोठ्या सरकारी बँकेने देशातल्या कृष्णवर्णीय जनतेची जाहीर माफी मागितली होती. या बँकेची मुळे १८०८ पर्यंत जातात. तिच्या जुन्या अवतारांचा गुलामगिरीशी जो संबंध आला, त्याबद्दल ही माफी होती.

बँक माफी मागते हेच मुळात नवल! पण खरे कुतूहल पुढचे होते. बँकेचा आणि गुलामगिरीचा संबंध कसा, म्हणून वाचू लागलो. तेव्हा कळले की ब्राझीलमध्ये कॉफीच्या मळ्यांवर कर्जे दिली जात, त्या वेळी जमीन, घर, यंत्रसामग्री यांच्याबरोबर मळ्यावरची गुलाम माणसेही तारण म्हणून लिहून घेतली जात. मी उभ्या नोकरीत गहाणखतांचे शेकडो कागद तपासले आहेत. विहीर एक, बैलजोडी एक, आंब्याची झाडे सात, अशा याद्या डोळ्यांखालून घातल्या आहेत. त्या यादीत एखाद्या बाईचे नाव, तिचे वय, तिला काय काम येते आणि तिची किंमत, अशी ओळ कशी दिसत असेल, हा विचार मनातून जाईना. शिवाय माझी स्वतःची एक जुनी फाईल आठवत राहिली. तिच्याविषयी पुढे सांगतो.

या वाचनातच मला एक माणूस भेटला. ब्राझीलचा शेवटचा सम्राट, दुसरा पेद्रो. त्याने ४९ वर्षे राज्य केले. तो क्रूर नव्हता, लोभी नव्हता, आळशी तर नव्हताच. गुलामगिरी त्याला मनापासून नकोशी होती. तरीही ती त्याच्या राज्यात ४८ वर्षे चालली, आणि संपली तेव्हा पाठोपाठ त्याचे सिंहासनही गेले. दुष्ट राजांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. चांगल्या माणसाच्या हातून होणाऱ्या विलंबाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

ब्राझील आपल्याला फुटबॉलमुळे ठाऊक आहे. पण या देशाशी आपले नाते त्याहून जुने आणि स्वयंपाकघरातले आहे. काजू आणि अननस ही दोन्ही फळे मूळची तिकडची, आणि त्यांची नावेही तिकडच्या तुपी भाषेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. गोवा आणि ब्राझील ही एकाच पोर्तुगीज साम्राज्याची दोन टोके होती. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, ब्राझील मात्र १८२२ मध्येच स्वतंत्र झाला होता, आणि तोही मोठ्या गमतीदार रीतीने. नेपोलियनच्या फौजांना चुकवून पोर्तुगालचा दरबारच्या दरबार १८०८ मध्ये रिओ दि जानेरोला येऊन राहिला होता. पुढे राजा मायदेशी परतला आणि मुलाला मागे ठेवून गेला. त्या मुलानेच ७ सप्टेंबर १८२२ रोजी बापाच्या देशापासून फारकत जाहीर केली आणि तो ब्राझीलचा सम्राट पहिला पेद्रो झाला. शेजारच्या स्पॅनिश वसाहती एकामागून एक प्रजासत्ताक होत असताना ब्राझीलमध्ये मात्र राजेशाही राहिली, आणि राजेशाहीबरोबर गुलामगिरीही.

आपला पेद्रो हा या पहिल्या पेद्रोचा मुलगा. जन्म २ डिसेंबर १८२५, रिओच्या राजवाड्यात. पोर एक वर्षाचे होते न होते तोच आई, ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्दिना, वारली. ७ एप्रिल १८३१ रोजी बापाने राजकीय कटकटींना कंटाळून राज्यत्याग केला आणि तो युरोपला निघून गेला. पाच वर्षांचे मूल मागे राहिले, सम्राट म्हणून. बापलेक एकमेकांना पत्रे लिहीत राहिले, पण त्यांची पुन्हा भेट झाली नाही. १८३४ मध्ये बापही गेला.

आईबापांविना वाढलेल्या या मुलाचे बालपण घड्याळाच्या काट्यावर बांधलेले होते. उठणे, धडे, जेवण, पुन्हा धडे. खेळगडी म्हणजे दोन बहिणी. पुस्तकांचा नाद त्याला लागला तो याच एकटेपणात, आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. बाहेर राज्यकारभार प्रतिनिधी मंडळाच्या हाती होता आणि देश फुटायला आला होता. उत्तरेला बंड, बाहियात बंड, दक्षिणेला तर दहा वर्षे चाललेले युद्ध. राजकारण्यांना वाटू लागले की देश एकत्र ठेवायचा तर गादीवर प्रत्यक्ष राजा हवा. राज्यघटनेत सज्ञान होण्याचे वय १८ होते. ते बाजूला ठेवून २३ जुलै १८४० रोजी चौदा वर्षांच्या मुलाला सज्ञान ठरवण्यात आले. पुढच्या वर्षी त्याला राज्याभिषेक झाला.

त्याच १८४० साली, नोव्हेंबर महिन्यात, बाहिया प्रांतात आणखी एका मुलाचे आयुष्य बदलले. त्याचे नाव लुईस गामा. वय वर्षे दहा. आई स्वतंत्र आफ्रिकी स्त्री, बाप गोरा. बापाने पैशांच्या अडचणीपायी पोटच्या पोराला गुलाम म्हणून विकले. एका मुलाच्या डोक्यावर मुकुट ठेवायचे ठरले आणि दुसऱ्याची बाजारात किंमत झाली, ती चार महिन्यांच्या अंतराने. हा लुईस गामा लक्षात ठेवा. तो पुन्हा भेटणार आहे.

पेद्रोचे लग्न १८४३ मध्ये इटलीतल्या दोन सिसिलींच्या राज्याची राजकन्या टेरेसा क्रिस्टीना हिच्याशी झाले. आधी केवळ चित्र पाहून पसंती झाली होती, आणि चित्रकाराने मुलीवर जरा जास्तच मेहेरबानी केली होती. जहाजावर प्रत्यक्ष वधू पाहून सतरा वर्षांच्या नवऱ्याचा चेहरा उतरला. पण संसार झाला. सोशिक, दयाळू अशा त्या बाईने ४६ वर्षे त्याला साथ दिली. चार मुले झाली. दोन्ही मुलगे लहानपणीच गेले, एक १८४७ मध्ये आणि दुसरा १८५० मध्ये. उरल्या इझाबेल आणि लिओपोल्दिना या दोन मुली. थोरली इझाबेल वारस ठरली.

राजा म्हणून त्याच्या सवयी पाहिल्या तर आपल्याकडचा एखादा जुन्या वळणाचा हेडमास्तर आठवतो. अंगात काळा कोट. मुकुट आणि टूकन पक्ष्याच्या पिसांचा झगा वर्षातून दोनदा, संसदेच्या अधिवेशनाचा प्रारंभ आणि समारोप करताना. पहाटेपासून कागदपत्रे वाचायची, शाळांच्या परीक्षांना जाऊन बसायचे. आपण सम्राट नसतो तर शिक्षक झालो असतो, असे तो सांगत असे. वर्तमानपत्रांत त्याची यथेच्छ टिंगल होई, व्यंगचित्रे निघत. त्यासाठी त्याने कुणाला तुरुंगात टाकले नाही.

आणि पैशांचा व्यवहार! इथे माझ्यातला बँकवाला खूश होतो. राजघराण्याला वर्षाला ८०० कोन्तो तनखा मिळे. एक कोन्तो म्हणजे हजार मिलरेईस. १८४० च्या सुमारास हा आकडा ठरला आणि १८८९ पर्यंत त्याने तो एका पैशाने वाढू दिला नाही. देशाचा खर्च कितीतरी पट वाढला, सम्राटाचा तनखा तेवढाच. त्यातूनच तो होतकरू मुलांना शिक्षणासाठी पैसे देई. परदेश प्रवासाला सरकारी खजिन्यातून पैसे घेण्याऐवजी तो कर्ज काढी. १८७० मध्ये लोकांनी त्याचा अश्वारूढ पुतळा उभारायचे ठरवले, तेव्हा त्याने तो नको म्हणून सांगितले आणि त्या पैशांतून शाळा बांधा असे सुचवले. इतका स्वच्छ खातेदार मी तरी क्वचितच पाहिला.

पण ताळेबंदाला दुसरी बाजूही असते.

गुलामांच्या व्यापाराच्या साडेतीनशे वर्षांत आफ्रिकेतून जवळजवळ ४८ लाख माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. अमेरिका खंडात इतकी कुठेच नाहीत. इंग्लंडच्या दडपणामुळे ब्राझीलने १८३१ मध्येच कायदा करून ही आयात बंद केली होती. यापुढे जो आणला जाईल तो स्वतंत्र, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात त्यानंतरही लाखो माणसे आली आणि राबली. इंग्रजांना दाखवण्यापुरता असा एक वाक्प्रचार पोर्तुगीज भाषेत आहे, त्याचा संबंध याच कायद्याशी जोडला जातो. अखेर १८५० मध्ये इंग्रजी युद्धनौका बंदरांत घुसू लागल्या, तेव्हा नवा कायदा झाला आणि आयात खरोखर थांबली. तरुण सम्राट त्या कायद्याच्या पाठीशी उभा होता. पण आधीच आलेल्यांचे काय? कागदावर ती माणसे स्वतंत्र होती. त्यांना मोकळे करायला नवा कायदाही नको होता.

सम्राटाच्या हाती काहीच नव्हते असेही नाही. ब्राझीलच्या १८२४ च्या राज्यघटनेने त्याला नियंत्रक सत्ता नावाचा एक खास अधिकार दिला होता. मंत्रिमंडळ नेमायचे किंवा घालवायचे, कनिष्ठ सभागृह विसर्जित करायचे, सिनेटसाठी तीन नावांतून एक निवडायचे. त्याच्या कारकिर्दीत पस्तीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. उदारमतवादी आणि पुराणमतवादी अशा दोन पक्षांना तो आळीपाळीने संधी देई. शेजारी देशांत सेनापती बंडे करीत होते तेव्हा ब्राझीलमध्ये निवडणुका होत होत्या, संसदेत भाषणे होत होती, याचे श्रेय त्यालाच आहे. मात्र दोन्ही पक्षांत वजन होते ते मळेवाल्यांचे, आणि राज्याचा गाडा चालत होता कॉफीवर. मळेवाले दुखावले तर सिंहासन हलेल, देश पुन्हा फुटेल, ही भीती त्याला लहानपणापासून होती. म्हणून तो थांबला. मने वळली की कायदा करू, असे त्याचे धोरण.

१८६७ मध्ये संसदेपुढच्या भाषणात त्याने गुलामगिरीचा प्रश्न प्रथमच काढला. सभागृह चकित झाले. पण तेव्हा पाराग्वेशी युद्ध चालू होते. युद्ध संपू दे, मग पाहू, असे ठरले. हे युद्ध १८७० पर्यंत लांबले. पाराग्वेचा हुकूमशहा लोपेझ हटल्याशिवाय तह नाही, हा हट्ट खुद्द सम्राटाचा होता. या हट्टापायी पाराग्वे देश उद्ध्वस्त झाला, ब्राझीलचे हजारो सैनिक मेले आणि खजिना कर्जात बुडाला. विचार करा, जो माणूस मळेवाल्यांपुढे इतका सबुरीने वागला, तोच युद्धात किती ठाम राहू शकत होता!

मग आला २८ सप्टेंबर १८७१ चा कायदा. यापुढे गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मणारे मूल स्वतंत्र मानले जाईल, असे तो सांगत होता. सम्राट तेव्हा युरोपच्या दौऱ्यावर होता आणि कायद्यावर सही केली ती राज्यप्रतिनिधी म्हणून इझाबेलने. जगभर वाहवा झाली. मी मात्र जुन्या सवयीने त्यातल्या अटी वाचल्या. मूल आठ वर्षांचे होईपर्यंत आईच्या मालकाकडे राहणार. मग मालकाने दोनांपैकी एक निवडायचे. मूल सरकारच्या हवाली करून ६०० मिलरेईसचा सरकारी रोखा घ्यायचा, व्याज सहा टक्के, मुदत तीस वर्षे. नाहीतर मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत राबवून घ्यायचे. कोणता मालक रोखा घेईल? सरकारच्या हवाली झालेली मुले अगदी मोजकी. म्हणजे या कायद्याने मुक्त झालेले पहिले मूल खऱ्या अर्थाने मोकळे होणार होते १८९२ मध्ये. आणि त्याच्या आईला तर कायद्याने काहीच दिले नव्हते. दुसऱ्याच वर्षी देशाची शिरगणती झाली. लोकसंख्या सुमारे ९९ लाख, त्यात गुलाम १५ लाखांवर.

आता माझी फाईल. ऐंशीच्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. चार टक्के व्याजाची, अगदी गरिबांसाठीची कर्ज योजना तेव्हा जोरात होती. पौष महिन्यात एक सालगडी अर्ज घेऊन आला. पन्नाशीचा असेल. त्याला मी बाबा म्हणत असे. बापाच्या वेळेपासून एकाच मालकाकडे साल घालत आलेला. दर पाडव्याला उचल घ्यायची आणि वर्षभर राबायचे. त्याला आता भाजीचा हातगाडा घ्यायचा होता. या कर्जाला जामीनदार लागत नाही, हे योजनेत छापलेले होते. मला ते पाठ होते. पण शाखेची वसुली चांगली राहावी, उद्या कुणी बोट दाखवू नये, म्हणून मी त्याला जामीनदार आणायला सांगितले. गावात त्याच्यासाठी सही करील असा माणूस एकच होता, त्याचा मालक, आणि तो कशाला करील? बाबा चार-पाच खेपा घालून गेला. मी दर वेळी गोड बोललो, चहा पाजला. अखेर सरपंच तयार झाला आणि वैशाखात मी कर्ज मंजूर केले. बाबा आला नाही. पाडव्याला त्याने पुन्हा उचल घेतली होती. बाजारात भेटला तेव्हा माझ्याविषयी त्याची काही तक्रार नव्हती, उलट साहेबांनी पुष्कळ खटपट केली असे तोच इतरांना सांगत होता. त्या वर्षी आमच्या शाखेची थकबाकी निरंक म्हणून माझे कौतुक झाले.

सम्राटाची आणि माझी तुलना करण्याइतका मी खुळा नाही. पण पेद्रोला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही, ती का, हे वाचकांना कळावे म्हणून हे सांगितले.

सत्तरीच्या दशकात सम्राट जगाचा लाडका झाला. १८७६ मध्ये तो अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेला. अध्यक्ष ग्रँट यांच्याबरोबर त्याने तिथले अजस्र वाफेचे यंत्र सुरू केले. एका कोपऱ्यात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपले नवे यंत्र घेऊन बसला होता, त्याच्याकडे परीक्षकांचे लक्ष जात नव्हते. सम्राटाने बेलला ओळखले, टेलिफोन कानाला लावला आणि तो थक्क झाला. त्यानंतर मात्र सगळ्यांची तिथे गर्दी झाली. पॅरिसमध्ये तो व्हिक्टर ह्यूगोच्या घरी स्वतः होऊन भेटायला गेला. पाश्चरशी त्याचा स्नेह होता. हिब्रू, अरबी अशा भाषा तो शिकला. संस्कृतही शिकला, आणि आपल्या हितोपदेशाचे पोर्तुगीज भाषांतर करायला बसला. कावळा, हरीण आणि उंदीर मिळून पारध्याने पकडलेल्या कासवाला सोडवतात, ही गोष्ट त्याने मूळ संस्कृतातून वाचली असेल का? वाचली असेल तर त्याच्या मनात काय आले असेल?

इकडे मायदेशी जाळे कुरतडायला वेगळीच माणसे पुढे आली होती. बापाने विकलेला लुईस गामा तरुणपणी लिहायला-वाचायला शिकला, आपण जन्माने स्वतंत्र आहोत याचे पुरावे मिळवून सुटला आणि साओ पावलोच्या न्यायालयांत इतरांसाठी लढू लागला. त्याचे हत्यार कोणते? तोच दाखवण्यापुरता केलेला १८३१ चा कायदा. त्याच्या आधाराने आणि इतर मार्गांनी त्याने पाचशेहून अधिक माणसे सोडवली. सम्राटापाशी असलेल्या साधनांपैकी त्याच्याकडे एकही नव्हते. १८८२ मध्ये तो वारला. त्याच्यानंतर पत्रकार जोझे दो पात्रोसिनिओ, अभियंता आंद्रे रेबोसास, खासदार जोआकिम नाबुको यांनी चळवळ पेटती ठेवली. सेआरा प्रांताने १८८४ मध्ये आपल्यापुरती गुलामगिरी संपवली. १८८५ मध्ये सरकारने साठ वर्षांवरच्या गुलामांना मुक्त करणारा कायदा केला, पण त्यातही आणखी काही वर्षे राबण्याची अट होती. आयुष्यभर राबलेल्या म्हाताऱ्याकडून उरलेले हप्ते वसूल करावेत, तसे हे झाले.

मग गुलामांनी वाट पाहणे सोडले. १८८७ मध्ये साओ पावलोच्या मळ्यांवरून ते टोळ्याटोळ्यांनी चालते झाले. पळालेल्यांना पकडण्याचे काम आम्हाला सांगू नका, असे लष्करी अधिकाऱ्यांनी राज्यप्रतिनिधीला कळवले. सम्राट आजारी होता आणि उपचारांसाठी युरोपात होता. राज्य पुन्हा इझाबेलकडे होते. तिने विरोधी मंत्रिमंडळ घालवले आणि नवे आणले. ८ मे १८८८ रोजी विधेयक मांडले गेले आणि १३ मे रोजी तिने त्यावर सही केली. कायद्याला कलमे दोनच. आजपासून गुलामगिरी नाहीशी झाली, हे पहिले. याविरुद्धचे सगळे कायदे रद्द, हे दुसरे. सात लाखांहून अधिक नोंदलेले गुलाम त्या दिवशी मोकळे झाले. जे ४८ वर्षे अशक्य वाटत होते ते पाच दिवसांत झाले.

सम्राट तेव्हा मिलानमध्ये मृत्यूच्या दारात होता. २२ मे रोजी बायकोने त्याला तार वाचून दाखवली. तो रडला आणि त्याने देवाचे आभार मानले. त्यानंतर त्याची प्रकृती सुधारत गेली.

नव्या कायद्यात मालकांना भरपाई नव्हती. सुटलेल्यांनाही काही नव्हते, जमीन नाही, शाळा नाही, दाणे नाहीत. रेबोसास जमिनीच्या वाटपासाठी तळमळत राहिला, कुणी ऐकले नाही. इझाबेलने एका वंशाला सोडवले पण सिंहासन घालवले, असे भाकीत तिच्याच एका जुन्या मंत्र्याने केल्याचे सांगतात. ते खरे ठरले. चिडलेले मळेवाले प्रजासत्ताकवाद्यांकडे गेले. लष्कर आधीच असंतुष्ट होते. १५ नोव्हेंबर १८८९ रोजी मार्शल देओदोरो दा फोन्सेका यांनी फौजा बाहेर काढल्या आणि संध्याकाळपर्यंत राजेशाही संपली. सम्राटाच्या बचावासाठी सहसा कुणी पुढे आले नाही, त्यानेही कुणाला हाक दिली नाही.

लोकांची गर्दी जमू नये म्हणून १७ नोव्हेंबरच्या पहाटे, अंधारातच राजकुटुंबाला जहाजावर चढवले गेले. पळून जाणाऱ्या गुलामासारखे आपण रात्री निघणार नाही, असे तो चिडून म्हणाल्याची आठवण सांगितली जाते. ती खरी असेल तर संतापाच्या क्षणीही त्याला उपमा सुचली ती तीच. नव्या सरकारने त्याला ५,००० कोन्तो देऊ केले. तनख्याच्या हिशेबाने ही सव्वासहा वर्षांची रक्कम. तिजोरी रिकामी, वय ६३, मधुमेहाने शरीर पोखरलेले. प्रवासात केप व्हर्दे बेटांवरून त्याने उत्तर पाठवले. पैसे नकोत. देशाचा पैसा असा वाटण्याचा कुणाला अधिकार नाही, अशी त्याची भूमिका होती. मी बँकेत असताना पुष्कळ धनादेश परत गेलेले पाहिले, पण असा एकही नाही. रेबोसासही त्याच जहाजातून स्वेच्छेने परदेशी निघून गेला. तो कृष्णवर्णीय होता, आणि राजाबरोबर वनवासाला जाणारा निष्ठावंत तो ठरला.

२८ डिसेंबर १८८९ रोजी पोर्तुगालमधल्या पोर्टो शहरात टेरेसा क्रिस्टीना वारली. आपला मोठा ग्रंथसंग्रह पेद्रोने देशाला देऊन टाकला आणि त्याला तिचे नाव दिले. उरलेले दिवस त्याने साध्या हॉटेलांत, मित्रांकडून उसने घेऊन, पुस्तकांत काढले. ५ डिसेंबर १८९१ रोजी पॅरिसमधल्या बेडफर्ड हॉटेलात न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. सामानात ब्राझीलची माती असलेली एक पुरचुंडी सापडली. आपल्याबरोबर ती पुरावी, अशी चिठ्ठी सोबत होती. ती शवपेटीत ठेवली गेली. हद्दपारीचा हुकूम १९२० मध्ये उठला, पुढच्या वर्षी दोघांचे अवशेष मायदेशी परतले. आज ते रिओजवळच्या पेत्रोपोलिस गावातल्या कॅथेड्रलमध्ये आहेत.

गोष्टीचा शेवट मात्र खतावण्यांचा आहे. मळेवाले नव्या सरकारकडे भरपाईचा लकडा लावून बसले होते. त्यावर अर्थमंत्री रुय बार्बोसा यांनी डिसेंबर १८९० मध्ये हुकूम काढला, की सरकारी कचेऱ्यांतली गुलामांची नोंदणीपुस्तके गोळा करून जाळून टाकावीत. पुस्तकच नसेल तर दावा कशावर करणार? मालकांची तोंडे बंद झाली. पण ज्यांची नावे, वये आणि आईची नावे त्या पुस्तकांत होती त्यांचाही पुरावा त्या आगीत गेला. भरपाई मागण्याचा खरा हक्क तर त्यांचा होता. म्हणूनच एका बँकेला १३५ वर्षांनी माफी मागावी लागली. रक्कम सांगता येत नाही, खातेदार हयात नाहीत, तेव्हा माफीशिवाय काय देणार?

ती बातमी वाचल्यानंतर एके दिवशी मी माळ्यावरची जुनी ट्रंक काढली. नोकरीतल्या काही डायऱ्या मी जपून ठेवल्या आहेत, कादंबऱ्या लिहिताना उपयोगी पडतात म्हणून. त्यांत त्या वर्षीची डायरी सापडली. बाबाचा अर्ज आल्याची नोंद होती, तारीख पौषातली. मंजुरीची नोंद होती, तारीख वैशाखातली. दोन्हींमध्ये वीस-पंचवीस पाने होती, वसुलीच्या दौऱ्यांची, बैठकांची, सगळी नीटनेटकी भरलेली. त्या पानांत कुठेतरी पाडवा येऊन गेला होता. त्या दिवशी बँकेला सुट्टी होती, म्हणून ते पान मी कोरे सोडले होते.